त्याने टाइप न केलेले पत्र

मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या तहसील कार्यालयाबाहेर बसणारा तो टंकलेखक माझ्या अर्जांचा पहिला वाचक होता. तहसीलला हिंदीत आणि नागपूरला मराठीत, अशी माझी शेकडो पत्रे त्याने टंकली. मी ‘निर्लज्ज’ सांगितले की तो जीभ दातांत धरून ‘बेफिकीर’ टंकी, आणि त्यावरून आमचे भांडण ठरलेले.

माझ्या प्रोस्टेटच्या बायोप्सीत काही आढळले नव्हते. तरीही रक्तातला पीएसए, म्हणजे प्रोस्टेटच्या बिघाडाचा इशारा देणारा आकडा, चढत राहिला, म्हणून नागपूरच्या डॉक्टरांनी पुन्हा बायोप्सी सुचवली. मी संतापून डॉक्टरांच्या नावे पत्र सांगू लागलो: निर्दोष सुटलेल्या इसमावर त्याच आरोपाखाली दुसऱ्यांदा खटला चालवता येत नाही.

त्याने हात थांबवले.

“काकाजी, हे नाही टाइप करून राहिलो मी.”

“कारण?”

“तुकडे बारा जागचे घेतले न? बाकीची जागा कोणी पाहिली? आकडा तर चढूनच राहिला. अर्धवट तपासावरून तुम्हीच ठाण्यावर किती अर्ज करता जी.”

त्याने नवा कागद लावून स्वतःच्याच मनाने एक ओळ टंकली: ‘पुन्हा बायोप्सीस तयार आहे, तारीख कळवावी.’ मग सहीची जागा बोटाने दाखवली.

पहिल्या वेळी निसटलेला कर्करोग त्या खेपेस सापडला, आवाक्यात असतानाच.

आता तिथे संगणकवाले बसतात. मी सांगतो ते सारे ते मुकाट्याने छापून देतात.