अंगणापलीकडचं माहेर

माझे सासरे रोज संध्याकाळी दवाखान्यापर्यंत जाऊन येत आणि त्यांना काहीही झालेलं नव्हतं. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडं, हातात काठी अशा वेशात ते जिंतूरच्या आमच्या गल्लीतून निघत, दवाखान्याच्या फाटकाला हात लावत आणि परत फिरत. आल्यावर अंगणातूनच माझ्या बायकोला, संगीताला सांगत, "माय, रस्ता खुला हाय." ती आतून "बरं, आबा" म्हणे. असं तीन महिने चाललं. शेजारच्या किराणा दुकानदाराने मला एकदा बाजूला घेऊन विचारलं होतं, "सर, म्हाताऱ्याला शुगर आहे का?"

मी त्यांना मामा म्हणत असे. वालूरच्या पुढच्या एका वाडीत त्यांची मेंढरं होती. मी इथल्या कॉलेजच्या ग्रंथालयात कामाला. आमच्यात बोलण्यासारखं फारसं काही नव्हतं. संगीताला सातवा महिना लागला आणि अचानक पुष्कळ काही झालं. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. पण संगीताच्या माहेरात बाईमाणूस नव्हतं. माझी आई सोनपेठला थोरल्या भावाकडे, गुडघ्यांमुळे अंथरुणाला खिळलेली. ती फोनवर एक दिवस सांगे, पपई अजिबात नको. दुसऱ्या दिवशी सांगे, मी तर तुझ्या वेळी खाल्ली होती. मी परभणीहून गर्भारपणावरचं एक जाड पुस्तक आणलं होतं आणि पेन्सिलीने खुणा करत ते वाचत होतो. एका पानावर लिहिलेलं दुसऱ्या पानावरच्याशी जुळत नव्हतं, की मलाच जुळवता येत नव्हतं, कोण जाणे.

अशात एका सकाळी मामा एसटीने आले. टपावर बाज, हातात पितळी हंडा, पाठीला बोचकं. आमच्याकडे न येता ते थेट घरमालकीण काकूंच्या दारात गेले. आमच्या दोन खोल्यांसमोर, अंगणाच्या पलीकडे, काकूंची एक खोली रिकामी पडली होती. मामांनी ती भाड्याने घेतली. झाडली, चुलीपुरती जागा सारवली, हंडा भरून ठेवला. मग आमच्या उंबऱ्याबाहेर उभे राहून म्हणाले, "जावईबापू, लेकीला म्हायेरी न्यायला आलाव."

मी म्हणालो, "कुठे?"

त्यांनी काठीने समोरची खोली दाखवली.

काकूंना हे पटलं नाही. "अहो, माहेर म्हणजे गावाला असतं." मामांनी त्यांना शांतपणे विचारलं, "भाडं कोन देतंय?" "तुम्ही." "चूल कोनाची?" "तुमचीच." "मंग घर बापाचंच झालं की." काकूंनी थोडा विचार केला आणि आत जाऊन ओटीचं सामान घेऊन आल्या. संगीताने नवी साडी नेसली, पिशवी भरली, मला नमस्कार केला आणि ती अकरा पावलांवरच्या माहेरी निघून गेली. पावलं मी मोजली होती. घरात एकटा उरल्यावर मला दुसरं काही सुचलं नाही.

संध्याकाळी मी डबा घेऊन अंगण ओलांडलं. मामा लगबगीने उठले. घोंगडं अंथरलं, तांब्या पुढे केला. "या, या. कवा आलात? वाटंत तकलीफ न्हाई ना झाली?"

"आत्ताच," मी म्हणालो.

"घरी समदे बरे हायेत?"

"घरी कुणीच नाही."

संगीता तोंडाला पदर लावून हसत होती. मामा हसत नव्हते. ते थट्टा करत होते की रीत पाळत होते, हे मला त्या दिवशी कळलं नाही. आजही कळलेलं नाही.

रीत मोडायची नाही, पण तिच्या कडेकडेने वाट काढायची, हा त्यांचा स्वभाव होता. बाळाचं काही आधी आणून ठेवू नये, असं काकूंनी बजावलं होतं. मामांच्या बोचक्यातून कोकराची पहिली कातरलेली लोकर निघाली, हातात धरली तरी धरल्यासारखी न वाटणारी. काकूंनी डोळे मोठे केले. मामा म्हणाले, "घोंगडं कुटं आनलंय? ही तर लोकर हाय. लोकर मेंढीची असती. लेकरू आल्यावर लेकराची व्हईल." मी पुस्तकात सापडलेली एखादी चांगली गोष्ट त्यांना वाचून दाखवू लागलो, की ते मन लावून ऐकत आणि शेवटी विचारत, "मेंढीचं काय लिवलंय त्यात?" मेंढीचं काही लिहिलेलं नव्हतं. त्यांना त्या पुस्तकाची कीव येई. मेंढी व्यायच्या आधी कळपातून बाजूला होते, तेव्हा तिला हाका मारू नयेत, असं ते मला सांगत. म्हणजे मी फार वेळा अंगण ओलांडू नये, असा अर्थ असावा.

"आबा, मी मेंढी हाय का?" संगीता एकदा चिडून म्हणाली.

"न्हाई माय. मेंढी ऐकती."

या तीन महिन्यांत त्यांनी आमच्या घरचा पाण्याचा थेंब घेतला नाही. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या सासरी खायचं-प्यायचं नाही, हे त्यांच्या घरात फार जुनं. एकदा ते आमच्या स्वयंपाकघरातल्या फळीला खिळे ठोकत होते आणि मी बाजूला मिरचीची फोडणी करत होतो. त्यांना जो ठसका लागला, तो थांबेना. डोळ्यांतून पाणी, चेहरा लाल. मी पेला पुढे धरला. त्यांनी मान हलवली आणि खोकत खोकत अंगण ओलांडून स्वतःच्या हंड्याकडे धावले. हंडा आणि आमचा माठ, दोन्ही एकाच नळावर भरत होते. हे मी त्यांना सांगावं की नाही, याचा मी बरेच दिवस विचार केला.

दवाखान्याच्या फेरीचं कारण मला संगीताने सांगितलं. ती चार वर्षांची असताना तिची आई दुसऱ्या बाळंतपणात गेली. ओढ्याला पाणी आलं होतं. बैलगाडी काठावर अडली आणि पाणी उतरायच्या आधी सगळं संपलं. ओढ्याच्या वरच्या अंगाला नवा फरशी पूल झाला होता आणि त्यावरून गाडी सहज गेली असती, हे मामांना दुसऱ्या दिवशी कळलं. त्याआधी महिनाभर ते मेंढरं घेऊन बाहेर होते, पूल त्यांनी पाहिलाच नव्हता. याविषयी ते माझ्याशी एकदाच बोलले, तेही बाजेची दोरी आवळता आवळता. "मेंढरं हलवायची म्हंजी एक मानूस आदी फुडं जातो, वाट बगून येतो. सारी उमर तेच केलं म्या. त्या दिशी तेवढं केलं न्हाई." मग दोरीला गाठ मारून म्हणाले, "बसा, कशी झाली बगा." मी बसलो. बाज छान झाली म्हणालो.

तेव्हापासून मी त्यांच्याबरोबर फेरीला जाऊ लागलो. मामा रस्ता वाचत होते. कुठे खडी पडली आहे, कोणत्या लग्नाचा मांडव रस्त्यात आला आहे, कापसाच्या गाड्या जिनिंगपाशी किती वाजता रांग लावतात, हे सगळं त्यांच्या डोक्यात होतं. बाजाराच्या दिवशी ते दोनदा जात. "आज चौक बंद समजा. जिनिंगच्या मागून जायाचं, नालीकडंनं. रिक्षा निगती, म्या बगितली." मी ते वहीत लिहून घेऊ लागलो तर म्हणाले, "लिवून काय करता? चालून बगा."

कळा आल्या त्या बाजाराच्याच दिवशी, भर दुपारी. मला आधी फाइल सापडेना, मग चष्मा सापडेना. हातात पुस्तक घेऊन मी अंगणात उभा होतो. मामांनी गल्लीच्या तोंडावरून रिक्षा आणली, माझ्या हातातलं पुस्तक काढून काकूंना दिलं आणि मला संगीताशेजारी बसवलं. स्वतः पुढे, रिक्षावाल्याच्या बाजूला. रिक्षावाला सवयीने चौकाकडे वळू लागला, तशी त्यांनी त्याच्या दंडावर हात ठेवला. "तिकडं न्हाई लेकरा. जिनिंगकडंनं." मागे संगीता माझं मनगट पिळत होती. मामांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. नालीकडेचा रस्ता मोकळा होता. वाटेत एका म्हशीशिवाय कुणी नव्हतं.

दवाखान्याच्या फाटकाशी ते उतरले, फाटकाला हात लावला आणि तिथेच थांबले. नर्स संगीताला आत घेऊन गेली. मी म्हणालो, "मामा, चला ना आत." काठी असूनही त्यांनी माझा खांदा धरला. "म्या हितवरच बगितलंय, जावईबापू. फुडचं मला काईच मालूम न्हाई." असं म्हणून ते भिंतीला टेकून खाली बसले. मी आत जावं की त्यांच्याजवळ बसावं, हे ठरवण्यात माझा थोडा वेळ गेला. मग त्यांनीच काठीने मला आत ढकललं.

मुलगी झाली. दोघी सुखरूप होत्या. मी बाहेर येऊन सांगितलं तेव्हा मामांनी एवढंच विचारलं, "संगी बोलली का?" मी म्हणालो, "बोलली. तहान लागली म्हणाली." मग ते रडले.

आता ते आमच्याकडे जेवू शकत होते. बारशाच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांना रीतसर बोलावलं. पण संगीता अजून माहेरी, म्हणजे समोरच, बाळंतिणीच्या खोलीत. स्वयंपाक मीच केला. पिठल्यात गुठळ्या झाल्या, भाकरी तव्यावर दोन ठिकाणी फाटली. मामा पाय धुऊन आत आले, पाटावर बसले. ताटाला हात लावायच्या आधी त्यांनी तांब्या उचलला आणि सगळा रिकामा केला. मग म्हणाले, "पानी लय गोड हाय तुमच्या घरचं." नळाची गोष्ट मी सांगितली नाही. समोरच्या खोलीतून संगीता ओरडली, "आबा, भाकर कशी झाली?" ते फाटकी भाकर मोडत म्हणाले, "तुझ्या पहिल्या भाकरीवानी."

सव्वा महिना झाल्यावर संगीताला सासरी पाठवायचा दिवस आला. काकूंनी ओटी भरली. लोकरीचं एव्हाना छोटं घोंगडं झालं होतं, त्यात बाळाला गुंडाळलं. संगीता निघाली तशी हुंदके देऊ लागली, मामांनी पटक्याच्या शेवाने डोळे पुसले, काकूही रडल्या. मी अंगणाच्या या बाजूला आपल्या दारात उभा होतो. ती माझ्याकडेच येत होती आणि मला गलबलून आलं होतं. कुणी काय गमावत होतं, ते मला समजत नव्हतं. मामांनी त्याच दुपारी खोली रिकामी केली. हंडा मात्र आमच्या स्वयंपाकघरात आणून ठेवला.

मुलगी आता तीन वर्षांची आहे. दोन महिन्यांपूर्वी एका सकाळी मामा वाडीतच वारले. मेंढरं सोडायला उठले आणि वाघुरीतच, मेंढरांभोवतीच्या जाळीच्या कुंपणात, बसल्या जागी कलले. चुलतभावाचा फोन आला तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. त्यांच्या वेळी पुढे जाऊन रस्ता बघून ठेवणारं कुणी नव्हतं. आम्ही तिघं एसटीने गेलो. ओढ्यावर आता मोठा पूल आहे. त्यावरून जाताना संगीता खिडकीबाहेर बघत राहिली, मी तिच्याकडे.

मी पुस्तकांत राहणारा माणूस. वडील माणूस गेल्यावर काय करायचं, याचीही पुस्तकं असतात. मी ती काढून टेबलावर ठेवली आहेत, वाचली नाहीत. त्याऐवजी गेले काही दिवस संध्याकाळी कॉलेजातून आलो की मी चहा न घेताच बाहेर पडतो. जिनिंगच्या मागून, नालीकडेने, दवाखान्याच्या फाटकापर्यंत. घरात कुणी आजारी नाही, कुणाचे दिवस भरत आलेले नाहीत. फाटकाला हात लावतो, थोडा वेळ उभा राहतो आणि परत येतो. तिथे मी काय बघायला जातो, ते मला सांगता येणार नाही.

काल परतलो तेव्हा संगीता अंगणात मुलीला भरवत होती. समोरच्या खोलीला कुलूप होतं.

"कुटं गेला होता?" तिने विचारलं.

"असंच."

तिने मुलीच्या तोंडात घास दिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "खुला हाय का?"

"खुला आहे," मी म्हणालो.