दार लावून रंगवलेली दुपार

जलजाक्काच्या स्वयंपाकघराची भिंत हत्तीने पाडली, तेव्हा ती आतच होती. चुलीमागे तांदळाचं पोतं होतं, त्याच्या वासावर तो आला. भिंत कोसळली, सोंड आत आली, पोतं ओढलं आणि तो निघून गेला. अक्काला साधं खरचटलंही नाही. पण त्या दिवसापासून तिने उंबरा ओलांडायचं सोडलं.

आम्ही कर्नाटकातल्या सकलेशपूरकडची, कॉफीच्या मळ्यात राबणारी माणसं. हत्ती आम्हाला नवे नाहीत. एखादा जवळपास असला की जंगलखात्याचा मेसेज मोबाईलवर येतो आणि मळ्याचं काम बंद होतं. कॉफी तोडण्यात अक्काचा हात धरणारं आमच्यात कोणी नव्हतं. आता तीच बाई ताट पडलं तरी भिंतीला पाठ लावून उभी राहायची. पाणी, बाजार, सगळं तिचा नवरा तम्मय्याच बघायचा.

"अगं, आता सिमेंटची भिंत बांधलीय," तो समजूत घालायचा.

"आधीचीही भिंतच होती," ती म्हणायची.

तिची नणंद वनिता हासनला वह्या-पुस्तकांच्या दुकानात कामाला होती. एकदा येताना तिने रंगवायच्या चित्रांचं जाडजूड पुस्तक आणि स्केचपेन आणले.

"वैनी, हे मोठ्या माणसांसाठी असतं. मन रमतं म्हणे."

"हो का? मग माझंही नाव घाला बालवाडीत!" शेजारची म्हातारी सिद्दम्मा खिदळली. तिच्या तोंडाला कधी झाकण नसायचं.

पहिलं पुस्तक फसलं. सगळी बारीक बारीक नक्षी. अक्काचा हात थरथरायचा, रंग रेघेबाहेर गेला की तिच्या छातीत धस्स व्हायचं. वर स्केचपेनचा रंग मागच्या पानावर उतरायचा. मग वनिताने मोठाल्या पानाफुलांची, माशांची चित्रं आणली, आणि रंगीत पेन्सिली. त्या जमल्या. मी गेले की अक्का म्हणायची, "ललिता, तूही घे एक पान. एकटीने नको वाटतं." हळूहळू, मेसेज येऊन काम बंद झालं की आम्ही चौघीपाचजणी तिच्याकडेच जमू लागलो. मासा निळा की तांबडा यावर भांडायचो. सिद्दम्माने तर केळीचं पान जांभळं केलं आणि वर सगळ्यांना दाखवत फिरली.

एका पुस्तकात हत्ती निघाला. अक्काचा चेहरा पांढरा पडला. "फाड ते! आधी फाड!" मी पान फाडलं, सिद्दम्माने चुलीत घातलं. त्यावर कोणी थट्टा केली नाही.

मग एके दिवशी मेसेज आला, हत्ती ओढ्यापलीकडे आहे. आम्ही दार लावून रंगवत बसलो होतो. सिद्दम्मा होती, मी होते, आणि नुकतं लग्न होऊन आलेली भव्या. मागच्या केळीत काहीतरी कडाडलं. मी खिडकीच्या फटीतून पाहिलं. राखाडी कान हलत होता, हात लांब केला तर लागेल इतका जवळ. मी मागे सरून हातानेच सोंडेची खूण केली.

"यांची यायची वेळ झाली," भव्या कुजबुजली. "मोटारसायकल घेऊन थेट इथे येतील!"

ती दाराकडे निघाली. अक्काने तिचं मनगट पकडलं. अक्काच्या कपाळावरून घाम गळत होता. पण पकड सुटली नाही.

"मेसेज टाक. आवाज काढू नकोस."

भव्याची बोटं चालेनात, म्हणून मीच लिहिलं, 'हत्ती दारात. येऊ नका.' पाठवलं आणि लगेच फोन वाजू लागला. तिच्या नवऱ्याचाच! अक्काने तो हिसकावला, गोधडीत कोंबला आणि वर बसली.

बाहेरचा आवाज थांबला. हत्ती ऐकत होता.

अक्काने भव्याच्या हातात पेन्सिल दिली. "रंगव."

"आत्ता, अक्का?"

"आत्ताच. पानावर बघ. दाराकडे बघू नकोस."

आम्ही रंगवू लागलो. भिंतीला काहीतरी घासत गेलं, वरून चुना पानावर पडला. भव्या रडत होती, पण हात चालू होता. मी एकाच माशावर निळा रंग फिरवत राहिले, कागद फाटेपर्यंत. सिद्दम्माने तोंडात पदराचा बोळा कोंबला होता. अक्का डोळे मिटूनच रेघा ओढत होती.

लांबून फटाके वाजले, जंगलखात्याची माणसं आली होती. केळी मोडत हत्ती ओढ्याकडे उतरून गेला. तरी दार उघडायला कोणी उठेना.

भव्याचा नवरा वळणावरच थांबला होता. आल्या आल्या त्याने विचारलं, "फोन का उचलला नाहीस?" तिने त्याला गुद्दे घातले आणि मग त्याच्याच छातीशी रडली. अक्काला उलटी झाली, रात्री ताप भरला. हत्ती काही पकडला गेला नाही. अजून तो याच डोंगरात फिरतो.

ताप उतरल्यावर एका सकाळी माझ्या दारावर धाडधाड थापा पडल्या. उघडलं तर अक्का! उघड्या रस्त्याने, एकटीच धावत आली होती. धाप लागलेली, केस सुटलेले. पाणी दिलं तर निम्मं अंगावर सांडलं.

"अगं, काय झालं?" मी घाबरून विचारलं.

"काही नाही. जमतं का ते येऊन पाहिलं," ती म्हणाली. मग मागे वळून रस्त्याकडे बघत राहिली. "ललिता, आता परत सोडायला येतेस का गं?"