मोटेच्या कातड्याचं पॅकिंग

भावकीत कुणी काही केलं की त्यावर वरताण करायची, हा आप्पासोंचा खरा धंदा. ऊस आपला अधूनमधून. चुलतभाऊ नाथाजीनं विहीर पाडली, तर यांनी कृष्णेवर ऑइल इंजिन बसवलं. नाथाजीच्या पोराच्या लग्नात ताशा वाजला, तर यांनी ग्रामोफोन आणला आणि एकुलती एक तबकडी तिचा घसा बसेपर्यंत गावाला ऐकवली. शेवटी मोटार आली. सांगलीच्या कुण्या हळदीच्या अडत्यानं वापरून, कंटाळून काढलेली. आली तीच पोटातून तेल गाळत. कुणी विचारलं तर आप्पासो सांगत, लांबून आलीय, घाम येतो तिला.

दुसरी मोठी लढाई संपली, त्यानंतरच्या दुसऱ्या दसऱ्याची ही गोष्ट. सीमोल्लंघनाला देवाची पालखी नाथाजीच्या बैलगाडीतून जायची. त्या घराचा तो पिढीजात मान. पण आदल्या साली खंडेनवमीला नाथाजीच्या गोठ्याचं आढं वासरावर कोसळलं, आणि पूजेत मांडलेली कुऱ्हाड उचलून त्यानं वासरू सोडवलं. नवमीला पुजलेलं हत्यार दसऱ्याचं सोनं लुटून येईपर्यंत हलवायचं नाही, अशी गावाची रीत. वासरू जगलं, याचं आप्पासोंना काही नव्हतं. कुऱ्हाड हलली, हे मात्र त्यांनी वर्षभर लोणच्यासारखं मुरवलं आणि चावडीत वाढलं. रीत मोडलेल्या घरात मान कसा राहील? यंदा देव आमच्या मोटारीतून जाईल. गावाला मोटारीत बसलेला देव बघायचा होता, त्यामुळं गावाला एकाएकी रीत फार प्यारी झाली.

आता मोटार चालायला हवी होती. आप्पासोंनी ती सांगलीला नेली. तिथल्या बादशहा मिस्त्रीनं खाली वाकून बघितलं आणि चेंबरचं पॅकिंग गेल्याचं सांगितलं. चेंबर म्हणजे इंजिनाखालचं तेलाचं तसराळं, आणि पॅकिंग म्हणजे त्याच्या काठावर बसणारी बुचाची पातळ पट्टी. ती मुंबईहून यायला दसरा उलटला असता, आणि तोवर गाडी चालवली तर इंजिन जाम होणार होतं. आप्पासोंनी मिस्त्रीलाच सुनावलं की नदीवरचं एवढं इंजिन चालवणाऱ्याला तसराळ्याचं काय सांगता. वास्तविक ते इंजिन गडी चालवायचा. आप्पासो शेजारी उभे राहून मिशा पुसायचे.

वाटेत तेल ओतत ओतत गाडी घरी आली. परसातल्या गुऱ्हाळाचं चुलवण अजून थंड होतं. जळण घालायच्या खड्ड्याच्या अल्याड-पल्याड चाकं ठेवून आप्पासो खाली उतरले. अष्टमीला दुपारपर्यंत चेंबर निघालं, आणि आप्पासो वर आले ते काजळीनं असे माखून की दारातलं कुत्रं त्यांच्यावर भुंकलं.

पॅकिंगला त्यांनी विहिरीचं पाणी उपसायच्या जुन्या मोटेचं कातडं काढलं. मोट आयुष्यभर पाण्यात राहिली, तेव्हा ती तेलालाही दाद देणार नाही, असा हिशेब. बायको मनुबाई म्हणाली की ती मोट निम्मं पाणी वाटेतच सांडायची. बायकांना यंत्रातलं कळत नाही, असं सांगून त्यांनी कातडं कापलं. ते इतकं जाड निघालं की बोल्ट पलीकडं पोचेनात. मग मऊ पडावं म्हणून रात्रभर अळशीच्या तेलात भिजत टाकलं आणि झोपले.

सकाळी उठून बघतात तर खड्ड्याजवळ एक पाना नाही, एक बोल्ट नाही. खुद्द चेंबरही नाही. आप्पासोंनी आईला, साळूबाईला, विचारलं.

"देवाफुडं हायत," साळूबाई फुलं निवडत म्हणाली. "खंडेनवमी न्हाई का आज? समदं लोखंड गोळा केलं. त्ये तसराळं लय मळलं हुतं. राखंनं घासलं आन् त्यातच हत्यारं मांडली."

देवघरात चेंबर चकचकत होतं. आयुष्यात प्रथमच. आत विळे, खुरपी, आजोबांची तलवार आणि सगळे पाने हळदकुंकवानं माखून पडले होते, वर झेंडूची माळ.

आप्पासो हळू आवाजात म्हणाले, की घटकाभर दे, कुणाला कळायचं नाही.

"नाथाजीनं वासरासाठनं कुऱ्हाड उचलली तर तू त्याचा मान काढलास," साळूबाई म्हणाली. "तू कशासाठनं उचलणार, त्ये चावडीत सांगून ये. मग ने."

ते सांगायला आप्पासो गेले नाहीत. दिवसभर माजघरात बसून राहिले. देव मोटारीतून गेला नाही तर मान माघारी जाणार, आणि वर गाव आयुष्यभर हसणार. तिन्हीसांजेला ते उठले आणि भावकीच्या बोळातून नाथाजीच्या दारी गेले. मोटार ओढायला बैल पाहिजे होते.

नाथाजीनं बराच वेळ सुपारी कातरली. मग म्हणाला, "देतो की. बैल काय पुजल्यालं हत्यार न्हवं. पर कासरा माझ्या हातात ऱ्हाईल."

दसऱ्याला मिरवणूक निघाली. पुढं झुली घातलेले बैल, मोटारीच्या नाकाडावर कासरा धरून बसलेला नाथाजी, मागच्या बाकावर देव, आणि स्टेअरिंगच्या चाकामागं जरीचा फेटा बांधलेले आप्पासो. ते रिकामंच चाक डावीउजवीकडं वळवत होते आणि मधूनच भोंगा दाबत होते. भोंग्यानं बैल बुजले, तेव्हा पुजाऱ्यानं तोही बंद करायला लावला.

आपट्याची झाडं नदीच्या उतारावर. तिथं मोटार बैलांच्या मागच्या पायांवर येऊ लागली, आणि तिचा हातब्रेक तर अडत्याकडंच मेलेला. आप्पासोंनी पायानं ब्रेक दाबून धरला. बैल सोडले, पालखी उचलली, सगळा गाव सोनं लुटायला पळाला. पुजाऱ्यानं पहिलं पान बैलांच्या शिंगांत खोवलं आणि दुसरं नाथाजीच्या हातात ठेवलं. मान कुणाचा, हे चावडीत विचारायची गरजच उरली नाही.

आप्पासो तसेच बसून होते. पाय काढला असता तर मोटार थेट कृष्णेत गेली असती. शेवटी नाथाजीच आला. खिडकीतून त्यानं एक पान आत टाकलं.

"घे सोनं. सोन्यावानी ऱ्हा," तो म्हणाला. "आन् पाय काडू नगंस. आमी देव आंघोळीला न्हेतोय, मागनं यील कुनीतरी दगड लावायला."