पाणी पिणारा डोंगर

पनवेलच्या शाळेत मी बरीच वर्षं भूगोल शिकवते आहे. या काळात लहानसहान थापा मारल्याच असतील, पण सलते ती एकच.

तालुक्यातल्या शिक्षकांसमोर मला आठवीच्या वर्गावर आदर्श पाठ घ्यायचा होता. विषय मीच निवडला: ज्वालामुखीतून तयार झालेल्या काही बेटांवर धबधबेच धबधबे असतात आणि काहींवर तेवढाच पाऊस पडूनही एकही नसतो, असं का? उत्तर मला पाठ होतं. बेट तरुण असेल तर त्याचा खडक भेगाळ, जाळीदार असतो. पाऊस थेट आत मुरतो. बेट जुनं झालं की खडक झिजतो, भेगा मातीने बुजतात, मग पाणी वरून वाहतं, दऱ्या कोरतं आणि कड्यांवरून कोसळतं. पण मी जन्मात असं बेट पाहिलं नव्हतं. मुलांना ते पटवायचं कसं, तेच सुचत नव्हतं.

शाळा सुटल्यावर फळ्यावर दोन बेटं काढून मी बघत बसले होते. तेवढ्यात शाळेत झाडलोट करणाऱ्या मावशी केर काढायला आल्या. त्या राहायच्या डोंगराच्या पायथ्याच्या ठाकरवाडीत. त्यांची मुलगी माझ्याच वर्गात, आठवीत होती.

"बाई, ह्या डोंगराला पानी काढलंत, त्याला का नाय?"

मी समजावून सांगितलं. झाडू भिंतीला टेकवून त्यांनी सगळं ऐकलं आणि हसल्या. "म्हंजे आमच्यासारखंच हाय की! आमचा एक डोंगर पानी पितो, दुसरा सोडतो. रविवारी या, दावते."

मी गेले. पळस्पे, कोन ही गावं मागे टाकून रिक्षा वाडीच्या तोंडाशी थांबली. पाऊस धरून होता. समोरच्या डोंगरावरून तीन पांढऱ्या धारा पडत होत्या. शेजारच्यावर ढग तोच, पण धार एकही नाही. मावशींनी मला आधी त्या कोरड्या डोंगरावर नेलं. कातळाला हात हात खोल भेगा होत्या. ओढ्यासारखं वाहत आलेलं पाणी आमच्या डोळ्यांदेखत एका भेगेत शिरलं आणि गायब झालं. "बघा, लय तहान ह्याला," त्या म्हणाल्या. मग दुसऱ्या डोंगरावर काळ्या, अखंड कातळाखालचा लाल मातीचा पट्टा दाखवला. "ही लाल माती पान्याला खाली जाऊ देत नाय. म्हनून ते बाहेर येतं."

आपला सह्याद्रीही थिजलेल्या लाव्ह्याचाच, हे मी दर वर्षी शिकवत होते. डोळ्यांनी पाहिलं ते त्या दिवशी, मावशींमुळे.

पाठ अप्रतिम झाला. मी बेटांपासून सुरुवात केली आणि मुलांना खिडकीतून दिसणाऱ्या डोंगरांवर आणून सोडलं. "एक डोंगर पाणी पितो, दुसरा सोडतो," असं म्हटल्यावर मागे बसलेल्या शिक्षकांनी टाळ्या वाजवल्या. पाठ संपला तेव्हा तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "हे कुठल्या पुस्तकात मिळालं, मॅडम?"

"पुस्तकात नाही, सर. माझं स्वतःचं निरीक्षण आहे."

मावशी तेव्हा चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आत आल्या, साहेबांसमोर कप ठेवला आणि निघून गेल्या.

उद्या बोलू, असं मी ठरवलं. उद्याचा परवा झाला. मावशी माझ्या वर्गाचा केर काढायच्या, पण फळ्याकडे बघायच्या नाहीत. दिवाळीनंतर त्या यायच्याच थांबल्या आणि त्यांची मुलगीही. तेव्हा कुठे मी वाडीवर गेले. घराला कडी होती. शेजारणीने सांगितलं, सगळी वीटभट्टीवर गेली. पुढे माझा पाठ शिक्षकांच्या एका पुस्तिकेत छापून आला. खाली नाव माझं होतं.

दोन पावसाळ्यांनंतर त्या मला पनवेलच्या बाजारात दिसल्या. गोणपाटावर रानातली कंटोळी मांडून बसल्या होत्या. मी तिथेच त्यांच्यासमोर उकिडवी बसले.

"मावशी, माझं चुकलं. त्या दिवशी तुमचं नाव घ्यायला हवं होतं."

त्या कंटोळी नीट लावत राहिल्या. "डोंगर काय माझा हाय, बाई? कुनी पन सांगावं. पन पोरगी बसलेली ना वर्गात. घरी येऊन इचारलं तिनं, आये, तूच ना बाईंना डोंगर दावलास? मंग बाई असं का बोलल्या?"

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"काय सांगनार? बोलले, बाईंना आधीच ठावं होतं. मी नुसती संगती गेलेली."

माझी अब्रू राखायला त्या आपल्या लेकीशी खोटं बोलल्या होत्या.

"ती कुठे आहे आता? शाळेत...?"

"लगीन झालं तिचं."

तिने शाळा माझ्यामुळे सोडली असं नाही. भट्टीवर गेलेल्या कितीतरी मुली परत येत नाहीत. तरी आपली आई काहीतरी मोठं जाणते, हे भर वर्गात ऐकण्याचा तिचा एकच दिवस होता, आणि तो मी घेतला.

मी म्हटलं, "शाळेत या ना एकदा. मुलांना तुम्हीच सांगा."

"आता नाय, बाई. पावसाचं भाजी काढायचं काम असतं." तेवढ्यात मागून कोणीतरी कंटोळ्यांचा भाव विचारला आणि मावशी तिकडे वळल्या.