काटा जागेवरच होता

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. मुलाला नाही, सुनेला नाही. सुमनलाही नाही — आणि सांगायला हवं होतं ते खरं तर तिलाच.

सुमन माझी बायको. तिला जाऊन दीड वर्ष झालं. ताप आला आणि आठ दिवसांत गेली. त्या तापाचा तिच्या साखरेशी, वजनाशी संबंध नाही, असं डॉक्टर म्हणाले. मीही तसंच मानतो. पण त्याआधीची चार वर्षं? ती तिच्याकडून कुणी घेतली?

सास्तूरला आमचं घर भूकंपानंतरच्या वसाहतीतलं. सरळ ओळी, समोरासमोर दारं, उघडी अंगणं. आपल्या अंगणात काय चाललंय ते आपल्याआधी गल्लीला कळतं.

पन्नाशी उलटल्यावर सुमनला साखर निघाली. पोट सुटलं होतं. डॉक्टरांनी चालण्याबरोबर वजनं उचलायला सांगितली. तिनं तेलाच्या दोन रिकाम्या डब्यांत वाळू भरली, पदर खोचला आणि ते हातात घेऊन अंगणात उठाबशा सुरू केल्या. मी निवृत्त मास्तर, वाचायची सवय — तिच्यासाठी त्या विषयावरचं पुस्तक आणलं, खुणा करकरून वाचलं.

महिन्याभरात ती बदलली. शेतात जायला माझ्या मोटरसायकलची वाट बघेना, चालत जायची. वाळवणं घेऊन गच्चीवर दिवसातून चारदा चढायची.

एका सकाळी समोरचे दत्तूअण्णा ओरडले, "गुरुजी, वैनीला औंदा जत्रंच्या कुस्तीत उतरवताव का?"

गल्ली हसली. सुमन म्हणाली, "या की तुमीच, पाठ लावते मातीला!"

मीही हसलो — पण आतून मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो हशा मला घरात बसूनही ऐकू यायचा.

दोन महिन्यांनी आम्ही आडत दुकानात गेलो. आमच्याकडे माणसाचं वजनही तिथंच होतं, पोत्यांच्या काट्यावर. काटा जागेवरच होता, वजन पहिल्याइतकंच. वाटेत ती म्हणाली, "अहो, तुमी वाचलंय इतकं. काय म्हणतंय पुस्तक? उपेग होतोय का न्हाय?"

मला माहीत होतं. खूण केलेलं पान डोळ्यांसमोर होतं — चरबी जाते, स्नायू भरतो, म्हणून काटा तसाच राहू शकतो, कंबर मोजावी. स्नायू बसल्या जागीही थोडंफार जाळतो, आणि अंगात बळ आलं की माणूस दिवसभर आपसूकच जास्त हिंडतो-फिरतो. ते तर मी रोज बघत होतो. आदल्याच आठवड्यात तिनं माझ्यासमोर बसून दोन झंपर टीप मारून आत घेतले होते.

मी म्हणालो, "पुस्तकात तसं काही नाही. नुसतं चालत जा."

"मग कशाला उगा घाम गाळायचा?" ती म्हणाली.

डबे मोरीमागं गेले. वाचणाऱ्या माणसाचा शब्द — तिनं तो खरा मानला. हळूहळू चालणंही सुटलं. मग गच्ची, मग शेत. ती खुर्चीतून पाणी मागायची, मी धावत नेऊन द्यायचो. मास्तर बायकोला किती जपतात, असं गल्ली म्हणायची. मी ते ऐकून घेत राहिलो.

भीती कशाची होती? एका माणसाच्या थट्टेची. बस्स.

पाडव्याच्या साफसफाईत सुनेला, रेखाला, ते डबे सापडले. तिनं ते धुतले, आणि दुसऱ्या दिवशी हातात घेऊन अंगणात उभी राहिली. समोरून आवाज आलाच — "सासूची तालीम सुनंनं घेतली का?" मी खुर्ची उचलून अंगणात नेली, बसलो आणि मोठ्यानं मोजायला लागलो. एक. दोन. तीन.

काल ती आडतीवरून हिरमुसून आली. "मामा, दोन महिने झाले. काटा तर हलंना."

मी आत जाऊन ते पुस्तक आणलं, पान उघडून तिच्या हातात दिलं. तिनं उभ्यानंच वाचलं.

"ही खूण कुणाची?"

"माझी."

"हे ठाऊक होतं, मग आत्याबाईंनी सोडलं कसं?"

मी पुस्तक तिच्या हातातून घेऊन मिटलं. ती आत गेली. थोड्या वेळानं सुमनच्या शिलाई मशीनचा आवाज आला — झंपर आत घेतला जात होता.

तिच्या प्रश्नाचं उत्तर या कागदावर आहे. तो मी त्याच पानात ठेवतोय. रेखाला ते पान आता ठाऊक आहे.