पाहायचं राहिलं

गेल्या महिन्यातला शनिवार, सकाळी दहा ते दहा चाळीस, टेक्सासमधल्या शुगर लँडच्या फ्यूनरल होममधला लहान हॉल, हजर एकावन्न माणसं. गजभिये काकांच्या अंत्यविधीची ही नोंद माझ्या अक्षरात आहे. हॉल चाळीस मिनिटांपुरताच मिळाला होता, म्हणून अंत्यदर्शनाची रांग पुढे सरकवायचं काम मी अंगावर घेतलं. लिन बाई काकांपाशी थांबल्या त्या थांबल्याच. चार मिनिटं झाल्यावर मी हळूच म्हणालो, प्लीज, मागे लोक आहेत. त्या लगेच सरकल्या.

लिन बाई काकांच्या चिनी भाषेच्या शिक्षिका. काका नागपूरचे, केमिकल इंजिनिअर. बुद्धाचे काही संवाद मूळ भाषेत हरवले, चिनी अनुवादातच उरले. ते स्वतः वाचता यावेत म्हणून सदुसष्टाव्या वर्षी काका जुनी चिनी शिकायला लागले. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ड्राइव्ह करणं बंद झालं, तेव्हा दर मंगळवारी मी त्यांना लायब्ररीतल्या क्लासला न्यायचो आणि मागे बसून ऑफिसच्या मेल बघायचो. एकदा बाई आजारी होत्या. 'रविवारी भेटायला येतो' असं कार्डावर चिनीत लिहिताना साधं क्रियापद काकांना शिक्षिकेसाठी हलकं वाटलं. डिक्शनरीतलं सगळ्यात आदराचं त्यांनी शोधलं... चान-यांग. पुढच्या क्लासला बाई म्हणाल्या, "मिस्टर गजभिये, मी अजून जिवंत आहे." वर्ग हसला. मग त्यांनी समजावलं, की याचा अर्थ मान वर करून आदराने पाहणं. पण पुतळ्याकडे, समाधीकडे किंवा थोर माणसाच्या अंत्यदर्शनाला. पाहताना काही मागतात का, काकांनी विचारलं. नाही, नुसतं पाहतात. परतताना गाडीत काका खूश होते. "म्हणजे हे दर्शन नव्हे रे, आपलं विहारातलं अभिवादन आहे."

अंत्यविधीनंतर दोन आठवड्यांनी काकूंकडे गेलो. "शेवटी कसे दिसत होते रे?" त्यांनी विचारलं. "माझ्या भरल्या डोळ्यांना काही दिसलंच नाही. तू तर उशाशीच होतास." होतो, चाळीसही मिनिटं. पण पाठ काकांकडे आणि नजर घड्याळावर... मी तसं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी लिन बाईंना फोन केला. आधी माफी मागितली, मग काकूंचा प्रश्न सांगितला. त्या स्वतः आल्या. काकूंसमोर बसून सावकाश सांगत गेल्या: शर्टाचं वरचं बटण लावलेलं, ओठ काहीतरी विचारायच्या बेतात असल्यासारखे, डावी भुवई उलटी फिरलेली.

"सरळ करावीशी वाटली," बाई म्हणाल्या. "पण हात लावला नाही."

"तशीच असायची ती," काकू म्हणाल्या. "रोज सकाळी मी ओल्या बोटानं बसवायची." आणि खुर्ची जवळ ओढून त्यांनी विचारलं, "आणखी काय पाहिलंत?"