लेकराच्या आंगावरचं कापड

"आडनाव काय म्हणालात?" मॅडमनं स्टेजवरच इचारलं. म्या सांगतलं.

"हां, तरीच. तुमच्या लोकांना असली घाणीची कामं जमतात हो."

अमरावतीचा अख्खा हॉल हसला. मीबी हसली. आग लागो माह्या त्या हसन्याले.

मी नर्स. भातकुलीकडची, बौद्धाची पोरगी. सुदानात लढाई चालू होती तवा दोन वर्षं तिथल्या तंबूतल्या दवाखान्यात उपाशी लेकरं सांभाळली. म्हनून मॅडमच्या मंडळानं माहा सत्कार ठेवला होता.

तिथं लेकरू आलं की पयले त्याच्या दंडाले मापाची पट्टी लावाची. लाल रंग आला म्हंजे लेकरू मरनाच्या दारात. बंदुका वाजल्या की आमी लेकरं पोटाखाली घेऊन जमिनीवर पडत होतो. पुढंपुढं भेवबी वाटे ना, रडूबी ये ना.

एक दिवस दवाखान्याले पैसा देनारे साहेब आले. तीन वर्षांची एक पोरगी तापात पडेल होती. साहेब म्हने, हिचं कापड काढा, फोटोत हाडं दिसू द्या. तिची माय फडकं धरून नाही नाही करत होती. म्या ते फडकं ओढलं. माह्या हातानं. फोटो निघाले. दुसऱ्या दिवशी पोरगी गेली. मेलेल्या पोरीले मायनं मले हात लावू देला नाही. मी जेवली, ड्युटीवर गेली. काहीच वाटलं नाही.

सत्कारात मॅडमनं मेळघाटातली एक कोरकू पोट्टी स्टेजवर आनली. अमरावतीतल्याच वसतिगृहातली, आठेक वर्षांची. म्हने, पट्टी लावून दाखवा. ते पट्टी पाच वर्षांखालच्या लेकराची असते, हेबी त्याइले ठाऊक नाही. मंग म्हने, हिचा फ्रॉक काढा, दंड नीट दिसत नाही. पोट्टीनं फ्रॉक मुठीत धरला अन् माह्याकडं पाहून राहिली.

"नाही काढत," म्या म्हनलं. "मॅडम, आधी तुमच्या नातीले इथं उघडं उभं करा. मंग पाहू."

कोनी हसलं नाही. म्या पोट्टीचा हात धरला, खाली उतरली, अन् तिले वसतिगृहात पोचवून आली.

सुदानातली ते माय मले माफ करनार नाही. करूबी नये. पन आता माह्यासमोर कोन्या लेकराच्या आंगाले कोनी असा हात घातला, तर साहेब असो का मॅडम, नोकरी गेली तं जाऊ दे, तो हात मी मोडीन.